हैबतरावांचा रिपोर्ट

शेखर रिपोर्ट वाचत होता आणि सगुणाबाई जुईलीकडे बघत होत्या. जुईली मात्र मान वर करायला तयार नव्हती. लॅबकडून गावोगाव रक्त न्यायला येणारी पोरगी ती. आज कागद द्यायलाही तीच आली होती.

पंधरा दिवसांपूर्वी याच पडवीत हैबतरावांनी दोनदा सुई हिसकून काढली होती आणि तिसऱ्यांदा नळ्यांचा डबाच अंगणात भिरकावला होता. सगुणाबाई रात्रभर नवऱ्याच्या मागे फिरून आंबलेल्या, जुईलीला अजून चार घरं करायची. "माझं घे बाई," म्हणून त्यांनीच हात पुढे केला. "ह्यांचं काय झालंय ते समद्या गावाला दिसतंय. पोराला कागद पायजे, दिऊन टाकू." दमलेल्या माणसाला दमलेल्याचं लगेच पटतं. जुईलीने नळीवर हैबतरावांचं नाव घातलं.

"वाटलंच होतं," शेखर म्हणाला. "रक्तातलं ते प्रोटीन फार वाढलंय. डॉक्टर म्हणालेच होते, हे वाढलं असेल तर नुसतं वयाचं विसरणं नाही, आजाराचा संशय आहे."

पायरीवर हैबतराव एक चप्पल हातात घेऊन उलटीसुलटी करून बघत होते. शेखरचे डोळे भरून आले. "आई, अण्णांचं पुढे अवघड होत जाणार. तू धडधाकट आहेस म्हणून मी तिकडे जांबे गावात बिनघोर झोपतो गं."

गेल्या महिन्यात सगुणाबाई पौडच्या एसटी स्टँडवर उतरल्या होत्या आणि कशाला आलो तेच न आठवून तशाच एसटीने इथे माल्याला घरी परतल्या होत्या. दमणूक झाली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. आता खरं तर भीती वाटायला हवी होती. त्यांना आधी थकवाच आला.

शेखरचा फोन वाजला, तो बोलत बोलत गाडीकडे गेला. जुईली घाईने जवळ सरकली.

"काकू, चुकलं माझं. मी सांगते त्यांना. दोघांचंही परत रक्त घेऊ. एका तपासणीवर सगळं ठरत नसतं."

"एका कागदानं पोराचं तोंड कसं झालं, बगितलंस न्हवं? दुसरा त्याला झेपायचा न्हाई. आज तरी नगं."

त्यांनी औषधांची पिशवी पुढे ओढली आणि रिपोर्ट पालथा करून जुईलीच्या मांडीवर ठेवला.

"ह्यांच्या गोळ्या लिही हितं. सकाळची कंची, रातची कंची. मोट्या अक्षरात."

"पण काकू, तुम्हाला तर तोंडपाठ आहेत."

"आज हायेत," सगुणाबाई म्हणाल्या.