लाल पडदा

दोन पडद्यांपैकी निळा जास्त विटला होता. दुपारचं ऊन नेमकं त्याच्यावरच पडायचं. लाल पडदा सावलीत असे, त्यामुळे त्याचा रंग टिकून होता. सम साली जन्मलेल्यांच्या ओळखपत्रावर फोटोमागे निळा, विषम सालच्यांच्या मागे लाल, हा नियम सालातिगा शहरातलं शेंबडं पोरही जाणतं. नोकरीच्या अर्जावरही लोक तोच पाळतात.

वुर्यानीने निळा पडदा ओढला आणि स्टुलावर बसलेल्या विंद्रीला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली. विंद्रीच्या अंगातला काळा कोट स्टुडिओचा होता. सगळ्यांना तोच. पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावले की कुणालाही बसायचा.

दाराच्या काचेवरची जाहिरात आतून उलटी दिसत होती, पण वुर्यानीला ती पाठ होती. मागच्या आठवड्यात तिनेच चिकटवली होती. मॉलमधल्या नव्या स्टुडिओसाठी दोन जागा. काउंटरवर मुलगी: वय पंचविसापर्यंत, अविवाहित, दिसायला आकर्षक. फोटोग्राफर: पुरुष.

हे जुनं दुकान महिनाअखेर बंद व्हायचं होतं. इतकी वर्षं इथले फोटो वुर्यानीनेच काढले होते. आता एका जागेसाठी तिचं वय उलटलं होतं आणि दुसरीसाठी ती बाई होती. घरी बसून फोटो सुधारून दे, नगावर पैसे देईन, असं मालक हर्तावान म्हणाले होते. विचार करून सांगते, असं ती म्हणाली होती. अजून सांगितलं नव्हतं.

"ताई, डोळ्यांखालचं काळं घालवाल ना?" विंद्रीने विचारलं. "पुढच्या महिन्यात मी सव्वीसची होते. या वेळी नाही झालं तर संपलंच माझं."

काउंटरवर हर्तावान केस विंचरत होते. साठी उलटली होती, केस मात्र कालच काळे झाले होते. विंद्रीने तिकडे बघत आवाज खाली आणला. "आणि काका कितीचे?"

"मालकाला जाहिरात लागत नाही."

विंद्री हसली, त्याच क्षणी वुर्यानीने बटण दाबलं.

"पोरीला छान तरुण करून दे गं, वुर," हर्तावानांनी तिथूनच सांगितलं. मग विंद्रीला म्हणाले, "जादूगार आहे ती. तिच्याकडेच बघ ना. पस्तिशीची तरी वाटते का?"

हा पस्तिशीचा आकडा ते बरीच वर्षं सांगत आले होते आणि ती ऐकून घेत आली होती.

वुर्यानीने विंद्रीचा कोट मागून घेतला आणि स्वतः घातला. चिमटे लावावे लागले नाहीत. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला, विंद्रीचं बोट बटणावर ठेवलं आणि जाऊन स्टुलावर ताठ बसली.

"हे काय आता?" हर्तावान अजून हसत होते.

"अर्जाचा फोटो."

त्यांचा कंगवा थांबला. मग ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. काउंटरला गिऱ्हाइकाला कोवळा चेहरा लागतो, त्याला ते तरी काय करणार. आणि फोटोग्राफर म्हणजे लग्नाची कामं, परतायला उशीर, दिव्यांचे जड स्टँड. आजवर ते स्टँड कोण उचलत होतं, तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

विंद्री गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत होती. "ताई, पडदा हाच राहू दे?"

"नको, लाल ओढ," वुर्यानी म्हणाली. आवाज काउंटरपर्यंत नीट पोचेल इतका मोठा होता. "माझा जन्म एक्याऐंशी सालचा आहे. आणि अर्ज फोटोग्राफरच्या जागेसाठी आहे."