दारातला शॉट

"तुझा नवरा एवढा गोरा कधी होता गं?" मुत्तम्माने जावेच्या कानाशी लागत विचारलं.

अंजलैला हसू आलं. समोर तिच्या नवऱ्याचं, कलियपेरुमाळचं काम करणाऱ्या नटाला धड लुंगीही खोचता येत नव्हती. पण मघाशी तालमीच्या वेळी तो मान वाकवून झोपडीच्या दारातून बाहेर पडला, तेव्हा ती बघतच राहिली होती. कलियपेरुमाळ असाच वाकून बाहेर पडायचा.

त्सुनामीत समुद्र गावात शिरला त्याला आता वीस वर्षं होत आली. त्यावर सिनेमा निघाला होता, आणि त्यात अंजलैची गोष्ट होती. दिग्दर्शक मदिवाणन तिच्या दाराशी चटईवर बसून सगळं ऐकून गेला होता. तिने काही लपवलं नव्हतं. पोंगलला माहेरी जायचं की नाही, एवढ्यावरून आदल्या रात्री नवराबायकोचं वाजलं होतं. सकाळी तो समुद्रावरून आला, दारात घुटमळला. ती मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. तो तसाच उपाशी, जाळं सांधायला किनाऱ्यावर गेला. मग पाणी आलं. घर रस्त्याच्या वरच्या अंगाला होतं. पाणी उंबऱ्याला लागलं आणि मागे फिरलं. घरातलं गाडगंसुद्धा हललं नाही.

"सर, मी नुसती मासे चिरत बसू?" अंजलैचं काम करणारी यामिनी कुरकुरत होती. "'लवकर या' एवढं तरी म्हणू दे ना. प्रेक्षकांना बायको वाटायला नको का मी?"

"नाही," मदिवाणन म्हणाला. "अक्का काही बोलल्या नव्हत्या. तूही बोलायचं नाहीस."

खरंच होतं ते. तरी एवढ्या माणसांत ते ऐकताना अंजलैने पदर ओढून घेतला.

दिवे लागले. सगळे गप्प झाले. नट दारात येऊन उभा राहिला. यामिनी पाठमोरी, विळीवर वाकलेली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. चुलीवरच्या मडक्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. काहीतरी म्हणेल, हाक मारेल, म्हणून थांबला. अंजलै त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्या दिवशी हे तोंड तिने पाहिलंच नव्हतं.

नटाने मान वाकवली आणि पाऊल बाहेर टाकलं.

"अहो, पेज पिऊन जा की!"

कोण ओरडलं ते आधी कुणालाच कळलं नाही. नट थबकला, मागे वळला. अंजलै खुर्चीवरून उठून उभी होती.

"कट! कट!" कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो बाई, चालू शॉटमध्ये..." मदिवाणनने हात वर करून त्याला गप्प केलं आणि तो तिच्याजवळ आला.

"अक्का, घरी सोडू का तुम्हाला?"

"नको."

तो जरा घुटमळला. "मग हेच घेऊ या का सिनेमात? यामिनी म्हणेल. तो बसेल, दोन घोट पिईल आणि मग जाईल. तुम्हालाही बरं वाटेल."

अंजलैने त्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. मुत्तम्माने तिचा दंड धरला होता.

"बसला असता तर गेलाच नसता रे, तंबी," धाकट्या भावाला सांगावं तसं ती म्हणाली. "पेज कढत होती. निवेपर्यंत पाणी येऊन परतही गेलं असतं." मग खाली बसत म्हणाली, "राहू दे. झालं तसंच कर."

पुन्हा दिवे लागले. नट पुन्हा दारात आला. या खेपेला तो जास्तच वेळ थांबला. अंजलैने पदराचा बोळा तोंडात धरला. तो वाकला, बाहेर पडला आणि वाळूतून किनाऱ्याकडे चालू लागला. त्याची पाठ लहान लहान होत गेली, तरी तिने नजर काढली नाही.

"कट! मस्त!" मदिवाणन ओरडला.

टाळ्या पडल्या. दूर गेलेला नट वळला आणि हसत हसत परत येऊ लागला. तेव्हा मात्र अंजलैने तोंड फिरवलं.