य अक्षराची बैठक

खिडकीजवळची खुर्ची राजकन्याने सकाळीच अडवली होती. कुणी बसू नये म्हणून तिच्यावर नवं हिरवं इरकल लुगडं ठेवलं होतं.

"मावशी कुठवर आल्या?" नांदेडच्या सुदर्शनने लॅपटॉप उघडत विचारलं.

"फोन लागत न्हाई. गाडीत असतील."

लातूरचा हा शिकवणीचा वर्ग रविवारपुरता मिळाला होता. फळ्यावर कालची गणितं तशीच होती. मराठवाड्याच्या बोलीचा कोश ही मंडळी इंटरनेटवर मिळून लिहीत होती. एकाने शब्द घालायचा, दुसऱ्याने दुरुस्त करायचा आणि तिसऱ्याने त्यावरून भांडायचं. इतकी वर्षं भांडलेली माणसं आज पहिल्यांदा समोरासमोर बसून एकमेकांना चहा ओतून देत होती. निलंग्याचे निवृत्त पोस्टमास्तर गुरुबसप्पा तर इतके मवाळ निघाले, की सुदर्शन ओशाळलाच.

राहिल्या होत्या फक्त धर्माबादकडच्या केवळाबाई. त्या लिहीत नसत, फोनवर बोलून शब्द पाठवत. वसतिगृहात असताना राजकन्याच्या बोलीला हसून हसून पोरींनी ती तिच्याकडून सोडवली होती. केवळाबाईंनी ती एकेक शब्दाने परत दिली. राजकन्याला आई नव्हती. या बाईला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढंच तिला हवं होतं.

बोलावलं की मावशी विषय बदलायच्या. या खेपेला मात्र तिने विचारलं, "मावशी, रविवारी लातूरला येता ना?" आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बरं मग लेकरा, येते मी."

ते तिने सकाळी आल्याआल्या सगळ्यांना ऐकवलं होतं. गुरुबसप्पांनी टाळी वाजवली होती.

आज य अक्षर होतं. येळवस म्हणजे वेळ अमावास्या झाली, येसण म्हणजे वेसण झाली.

"येणे," सुदर्शनने वाचलं. "हे कुणाला माहीत न्हाई? सोडा."

"नुसता अर्थ नका बघू," गुरुबसप्पा म्हणाले. "कोण म्हणतंय, कवा म्हणतंय, ते बी लिवावं लागतं."

"काका, येण्याला काय कवा अन् कोण?"

सगळे हसले आणि तो शब्द तसाच राहिला.

दुपारी पंखे संथ फिरत होते आणि लॅपटॉपमधून वर्गभर केवळाबाईंचा आवाज होता. "येरवाळी म्हंजी लवकर, ऊन चढायच्या आधी. येरवाळी निघावं लेकरा, वाट सोपी जाती." डोळे मिटले, की बाई खिडकीपाशीच बसल्यात असं वाटे. आवाजामागे टिटवी होती. अलीकडे ती त्यांच्या प्रत्येक शब्दामागे असायची. राजकन्याने विचारलं तेव्हा त्या हसल्या होत्या. "हाव, टिटवीच हाय. रातभर झोपू देत न्हाई."

तेव्हापासून राजकन्याच्या मनात मावशींचं घर तळ्याकाठी होतं. आताही पेंगेत तिला ते दिसलं. पाणी, ज्वारीचं शिवार आणि उंबऱ्यात बसलेली बाई. चेहरा तेवढा दिसेना.

"टिटवी काढून टाकू का?" सुदर्शनने विचारलं. "शब्द साफ ऐकू येईल."

"येगळी करून ठिव. मावशी आल्या की त्यांनाच ऐकवू."

उन्हं कलली, लुगड्यावर आली. सुदर्शन बराच वेळ कानाला हेडफोन लावून बसला होता. मग त्याने तो उतरवला.

"ताई, जरा ऐका."

बाईंचा आवाज आता नव्हता. नुसती टिटवी होती. टिट्. टिट्. टिट्. एकाच सुरात, एकाच अंतराने.

"ही टिटवी न्हाई," तो हळूच म्हणाला. "बापाच्या पलंगापाशी असलं मशीन होतं. दवाखान्यात."

राजकन्याने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग तिचा चेहरा उजळला.

"म्हंजी बऱ्या झाल्या रे! कवापासून बोलवायले, आजारी होत्या म्हणूनच टाळायच्या. आता बऱ्या झाल्या, म्हणून तर येते म्हणाल्या."

सुदर्शनने आवाज बंद केला.

बाहेर जिन्यापाशी चहा घेत असलेल्या गुरुबसप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. निलंग्याच्या बसची वेळ झाली होती. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, दारात थांबून राजकन्याकडे पाहत हात जोडले.

"बरं मग लेकरा," ते म्हणाले, "येतो मी."

आणि जिना उतरून निघून गेले.