पावणाईचा होकार

धावपट्टीच्या आड येणारं पावणाईचं जुनं देऊळ यंत्रानं कणन् कण टिपून कुंपणाबाहेर हुबेहूब छापलं होतं. जुनं पाडायला देवीची परवानगी हवी, म्हणून तातू घाड्यानं नव्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार.

“झालं ना?” विमानतळाचे पाटणकरसाहेब हसले.

तातूला शंका आली. त्यानं पुन्हा पाकळ्या लावल्या. “गो आई, सायबाचं घर पाडू?” उजवी. “विमानतळ पाडू?” उजवीच.

तातूचं टाळकं सटकलं. “आमची पावणाई कौलात माझ्या बापाला तोंडावर नाही म्हणायची! ही सगळ्यालाच हो म्हणते, मेल्यांनो! चला जुन्या देवळात, तिलाच विचारू.”

“ते सकाळीच पाडलं,” साहेब म्हणाले. “होकार येणार हे ठाऊकच होतं.”