रेडिओला बांधलेला गंडा

"इंजन बंद असलं का साफ बोलते. चालू केलं का नुसती खरखर," कडूबा म्हणाला. "वीस-एक दिस झाले."

मलकापूर स्टेशनावर टॅक्सी चालवणाऱ्या कडूबाने तक्रार सांगितली खरी, पण ती त्याची नव्हती. त्याची बायको रुख्मिणी मागच्या सीटवर बसून होती. गाडीतला रेडिओ नीट करून आणा, असा धोशा तिनेच लावला होता. बांगलादेशाची लढाई संपून आठवडा झाला होता. आता जवान घरी कधी येणार ते रेडिओ सांगेल, आणि नेमकं तेवढंच खरखरीत बुडून जाईल, अशी तिला धास्ती. तिचा एकुलता एक माणिक पलटणीत होता. हा रेडिओही त्यानेच गेल्या सुट्टीत आणून गाडीत बसवला होता.

कडूबाला रेडिओकडून काही ऐकायचं उरलं नव्हतं. पलटणीची तार चार दिवसांपूर्वीच आली होती. तारवाल्याला तो स्टॅंडवरच भेटला, आणि तेव्हापासून ती तार त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. सदरा मळून गेला होता, पण तो धुवायला काढत नव्हता. रोज घरी जाताना तो ठरवायचा, आज सांगू. रोज रुख्मिणी माणिकसाठी करून ठेवलेलं काहीतरी दाखवायची. कधी मुगवड्या, कधी लोणचं. मग तो गुमान जेवायचा. माणसाची जीभ इतकी जड होऊ शकते, हे त्याला या वयात कळलं.

इंद्रभान रेडिओवाला डोळे मिटून खरखर ऐकत होता. निम्मं गाव त्याला चिडवायचं की हा वैद्य व्हायचा तो चुकून मेकॅनिक झाला. "पाय द्या जरा, कडूबाभाऊ," तो म्हणाला. कडूबाने इंजिनाला रेस दिली तशी खरखर चढली. पाय काढला, उतरली. इंद्रभानने एरियल काढून पाहिली. खरखर तशीच. डायनामोचा कंडेन्सर बदलला. तरी तशीच.

"मानिकनं तार कच्ची जोडली काय?" कडूबा म्हणाला. "तार" हा शब्द तोंडातून गेला आणि त्याने जीभ चावली.

"नाही हो. पोराचं काम पक्कं हाय," इंद्रभान म्हणाला, आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणा शिरला. बराच वेळ त्याचे फक्त पाय बाहेर होते. मग आतूनच त्याने विचारलं, "हे कोनं बांधलं?"

रेडिओची एक वायर स्क्रूने गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते. ती पत्र्याला नीट टेकली नाही की इंजिनाचा सगळा गोंगाट रेडिओत शिरतो. इथे कोणीतरी तो स्क्रू सैल केला होता, वायरच्या टोकाला काळा दोरा सात-आठ वेढे गुंडाळला होता, आणि स्क्रू पुन्हा पिळला होता. वायर पत्र्याला टेकतच नव्हती. दोऱ्यावर बसली होती.

"म्या," रुख्मिणी म्हणाली. तिला लाज वाटली. "सैलानीच्या दर्ग्यावरचा गंडा हाय. लढाई लागली त्या दिशी बांधला. सुरीच्या टोकानं खिळा फिरवला. सबन लोकाइच्या पोराइच्या बातम्या याच्यातूनच येत. म्हटलं, आपल्या मानिकची वाईट बातमी याच्यातून निंगू नये."

इंद्रभान हसला नाही. त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या चौकटीवरही लिंबू-मिरची लटकत होती.

"मंग सोडू काय, वयनी? सारी खरखर यानंच हाय."

"सोडा न. लढाई सरली. त्याचं काम झालं." ती पुढे वाकली. "फक्त तोडू नका, भाऊ. गाठ सोडा. मानिक आला का त्याच्या हातानं सैलानीले नेऊन द्याचा हाय."

इंद्रभानने स्क्रू सैल केला आणि नखाने गाठ उकलायला घेतली. अर्धी सुटलीही. तेवढ्यात कडूबाने वाकून त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अवो, काऊन?" रुख्मिणी म्हणाली. "मंग ऐकू कसं येईन?"

"राहू दे म्हणतो न. अजून थोडे दिस."

"पण लढाई तं सरली."

 कडूबाचा एक हात इंद्रभानच्या मनगटावर होता. दुसरा कधी आतल्या खिशावर गेला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. रुख्मिणी त्या हाताकडे पाहत राहिली. मग त्या मळक्या सदऱ्याकडे. चार दिवस ती धुवायला मागत होती.

ती दार उघडून खाली उतरली आणि वळसा घालून पुढे आली. इंद्रभान बाजूला झाला. ती डॅशबोर्डखाली वाकली. टॉर्च तिने घेतली नाही. चाचपडून दोरा शोधला, अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा मारली आणि बोटात रुतेपर्यंत ओढली. स्क्रू तिने इंद्रभानकडून पिळून घेतला. मग पदर नीट करून मागच्या सीटवर जाऊन बसली.

"चालू करा," ती म्हणाली.

कडूबाने चावी फिरवली. गाडीभर खरखर भरली. आत कोणीतरी बातम्या सांगत होतं, पण एक शब्द लागत नव्हता. रुख्मिणीने तोंडात पदर कोंबला. कडूबाने आरशात पाहिलं आणि रेडिओ बंद करायला हात नेला.

"बंद नका करू," मागून ती म्हणाली. "मोठा करा."