रेयॉनचं खिमट

बाळंतपणासाठी सरोज इचलकरंजीला माहेरी आली. आईने तिला हातपाय धुवायला लावून पाटावर बसवलं आणि गरम खिमट वाढलं.

"रेयॉनचं?" पहिल्याच घासाला सरोज चकित झाली. "आमच्याकडे रेशनवर नुसतं सुती कापड येतं. कितीही शिजवा, चिवट ते चिवटच."

"हे भिजलं की लगेच जीव सोडतं. लाकडाच्या लगद्याचा धागा ना," आई म्हणाली. "पूर्वी लोक हौसेनं नेसायचे. गरिबांचं रेशीम म्हणायचे."

दुष्काळात सगळ्यांना ती लस टोचल्यापासून माणसांना कापड पचत होतं. कपाटं कधीच रिकामी झाली होती. आईच्या अंगावर नायलॉनचं जुनं पातळ होतं, कारण नायलॉन पचत नसे.

सरोजने दुसरी वाटी घेतली, तर दाताखाली काहीतरी टणक आलं. तिने ते बोटाने काढलं. शर्टाचं बटण होतं, कडेला विडीचा चटका बसलेलं.

तिने झटकन दाराकडे पाहिलं. अण्णांनी स्वतःच्या मागावर विणलेल्या कापडाचा शर्ट, ते गेल्यापासून आईने न धुता खुंटीला ठेवलेला. खुंटी मोकळी होती.

"आई, अण्णांचा शर्ट..." सरोजने बटण पुढे केलं.

"एक काढायचं राहिलंच वाटतं," आई म्हणाली. तिने बटण पदराला पुसलं आणि फडताळातल्या वाटीत बाकीच्या बटणांवर टाकलं. "खा गं, निवतंय. त्यांच्याच नातवंडाच्या पोटात जातंय."