पाहुण्याचे पाणी

“मावशी, पाण्याचा कॅन रोज रिकामा होतो, मग गॅस निम्माच कसा?” तपासनीस कुलथ्यांनी ओट्यावरच्या यंत्राकडे बोट दाखवले.

“म्हातारं झालंय, माझ्यासारखं,” अनुसयाबाई म्हणाल्या.

“मागच्याच महिन्यात बसवलंय की!”

“मग तुमच्यासारखं असेल. ऊन लागलं की काम होत नाही.”

कुलथे हसले. पाण्यातून घरच्या घरी हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला शासन रोज चार लिटर शुद्ध पाणी देई. माणसांसाठी खारट विहीर होतीच. यंत्राची तहान राष्ट्रीय होती, माणसाची खासगी. यंत्राचे पाणी पिणे ही इंधनचोरी ठरे आणि पुरवठा कायमचा तुटे.

आतल्या खाटेवर सून निजली होती. तिची मूत्रपिंडे विहिरीच्या पाण्याने निकामी होत आली होती.

उन्हातून आलेल्या माणसाला अनुसयाबाईंनी सवयीने तांब्याभर पाणी दिले. चूक कळली तेव्हा तांब्या कुलथ्यांच्या ओठांना लागला होता.

पाणी गोड होते.

कुलथ्यांनी खाटेकडे पाहिले. नियमाने नमुना बाटलीत भरायला हवा होता. त्यांनी तांब्या पुन्हा उचलला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.

“फारच खारट आहे हो तुमची विहीर,” तोंड पुसत ते म्हणाले.